एका संगणकाला दोन-तीन मॉनिटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि ठाणे ते नेरूळ या पट्ट्यात घरोघरी, ऑफिसांत संगणक बसवून देतो. नौपाड्यातली सीएची ऑफिसं, वाशीच्या मार्केटमध्ये हिशेब लिहिणारे, ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नोकरी करून आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणारी मंडळी, डीटीपीवाले, अशा सगळ्यांकडून दुसऱ्या मॉनिटरबद्दल तेच ते प्रश्न येतात. फोनवर घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहून ठेवतो. सगळं वाचायला वेळ नसेल तर खरेदीआधी निदान पोर्टांचा आणि टेबलाचा भाग वाचा. सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जाताना मी पाहिले आहेत.

दुसऱ्या मॉनिटरने काम खरंच भरभर होतं का?

ज्या कामात दोन गोष्टी एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात, त्या कामात होतं. एरवी फारसा फरक पडत नाही.

जीएसटीचंच घ्या. एका बाजूला पोर्टलवरून उतरवलेली टू-बीची (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची) एक्सेल शीट, दुसऱ्या बाजूला टॅलीतलं परचेस रजिस्टर. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, पंधरा अक्षरी आणि बिलाचा नंबर सोळा अक्षरांपर्यंत जाऊ शकतो. एकच स्क्रीन असली की हा नंबर डोक्यात धरून ऑल्ट-टॅब दाबायचं, तिकडे शोधायचं, मधली दोन अक्षरं विसरायची, परत यायचं. एका बिलाला दहा-पंधरा सेकंद जातात. महिन्याला चारशे बिलं असली तर तास-दीड तास निव्वळ ये-जा करण्यात गेला. तेवढ्यात फोन वाजला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. दोन स्क्रीनवर हेच काम नजर डावीकडून उजवीकडे फिरवून होतं. वेळ वाचतोच, पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा चुका कमी होण्याचा आहे.

असंच भाषांतर करणाऱ्यांचं (मूळ मजकूर इकडे, आपला तिकडे), प्रोग्रामिंग करणाऱ्यांचं (कोड इकडे, त्याचा परिणाम तिकडे), प्रूफं तपासणाऱ्यांचं. याउलट तुम्ही दिवसभर एकाच कागदावर लिहीत असाल, किंवा काम मुख्यतः फोनवर बोलण्याचं असेल, तर तो पैसा चांगल्या खुर्चीत घाला.

इतके टक्के काम वाढतं असे आकडे जाहिरातीत दिसतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या ज्या अभ्यासाचा दाखला त्यासाठी वारंवार दिला जातो, त्याला मॉनिटर बनवणाऱ्या एनईसीचं पाठबळ होतं. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण दुसऱ्याच्या कामाची टक्केवारी आपल्या कामाला लावू नये.

मग मला दोन हवेत की तीन, हे कसं ठरवू?

एक दिवस कागद-पेन शेजारी ठेवा. जितक्या वेळा एका विंडोतून दुसरीत जाल, तितक्या वेळा त्या दोन विंडोंची नावं लिहून एक रेघ ओढा. संध्याकाळी बघा. एकाच जोडीसमोर पन्नास-साठ रेघा असतील, तर त्या दोन गोष्टी तुम्हाला सारख्या समोरासमोर हव्या आहेत आणि दुसरा मॉनिटर कामी येईल. रेघा दहा जोड्यांत विखुरल्या असतील, तर अडचण स्क्रीनची नाही. एका वेळी दहा कामं उघडी आहेत, ही अडचण आहे, आणि ती मॉनिटर आणून सुटत नाही.

तिसरा मॉनिटर मी फार थोड्यांना सुचवतो. शेअर बाजारात सव्वानऊ ते साडेतीन बसणारे, सर्व्हरवर लक्ष ठेवणारे, ऑनलाइन शिकवणी घेताना मुलांचे चेहरे, फळा आणि स्वतःची टिपणं तिन्ही दिसायला हवेत असे शिक्षक, यांचं काम तिसऱ्याने खरंच सोपं होतं. बाकीच्यांच्या तिसऱ्या मॉनिटरवर महिन्याभराने मेल आणि व्हॉट्सॲप उघडं असतं.

आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मोजायला विसरू नका. लॅपटॉप आणि एक चोवीस इंची मॉनिटर म्हणजे दोन स्क्रीन झाल्याच.

दोन मॉनिटर घेण्याऐवजी एकच लांबलचक अल्ट्रावाइड घेतला तर?

चौतीस इंची अल्ट्रावाइडची उंची सत्तावीस इंची साध्या मॉनिटरएवढीच असते, फक्त रुंदी जास्त, साधारण ऐंशी सेंटीमीटर. मध्ये कडा येत नाही, वायर एकच, टेबल मोकळं दिसतं. व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन किंवा एक्सेलची लांबच लांब शीट यांना तो फार छान.

पण मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करायची वेळ येते तेव्हा पंचाईत होते. पूर्ण स्क्रीन शेअर केली की समोरच्याच्या लॅपटॉपवर एक बारीक पट्टी दिसते आणि त्याला अक्षर वाचता येत नाही. दोन वेगळे मॉनिटर असले तर एक शेअर करायचा, दुसऱ्यावर आपली टिपणं. ज्यांच्या दिवसात तीन-चार मीटिंगा असतात त्यांना मी दोन वेगळेच घ्यायला सांगतो.

कोणत्या मापाचा घ्यावा? सत्तावीस इंची फुल एचडी स्वस्तात मिळतोय.

तो घेऊ नका, निदान मराठी मजकुरावर काम करत असाल तर नकोच. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. ते चोवीस इंचांत बसवले तर इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात. तेच सत्तावीस इंचांत ताणले तर ८२च्या आत. इंग्रजी अक्षर त्यातही निभावून जातं. देवनागरीत रफार, अनुस्वार, वेलांटी, उकार वर-खाली एवढ्याशा जागेत बसलेले असतात. ठिपके विरळ झाले की ‘कि’ आणि ‘की’ ओळखायला पुढे वाकावं लागतं आणि दिवसभर वाकून मान धरते.

चोवीस इंचांना फुल एचडी पुरतं. सत्तावीस घ्यायचा तर २५६० बाय १४४० घ्या. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात. फोर-के सत्तावीस इंची तर छापील पुस्तकाच्या जवळ जाणारं अक्षर दाखवतो, पण त्यासाठी संगणकाचं पोर्ट तपासा. ते पुढे लिहिलं आहे. पॅनेल (स्क्रीनचा काचेचा भाग) आयपीएस प्रकारचं हवं. दोन मॉनिटर शेजारी ठेवले की एकाकडे आपण नेहमी तिरकेच बघतो, आणि जुन्या टीएन पॅनेलचे रंग तिरक्या नजरेला पार बदलतात.

जमल्यास दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. उंची जुळते, रंग जुळतात, माऊस एकातून दुसऱ्यात सरळ जातो.

घर वन बीएचके आहे. दोन मॉनिटर मावतील का?

हा प्रश्न घोडबंदर रोडपासून कोपरखैरण्यापर्यंत सगळीकडून येतो, म्हणून जरा सविस्तर.

टेप घेऊन आधी टेबलाची रुंदी मोजा. चोवीस इंची मॉनिटर सुमारे चोपन्न सेंटीमीटर रुंद असतो. दोन मिळून एकशे आठ. चार फुटी टेबल एकशे बावीस सेंटीमीटरचं, म्हणजे दोन बसतात आणि कडेला पाण्याच्या बाटलीपुरती जागा उरते. सत्तावीस इंची दोन मात्र चार फुटांत काठोकाठ येतात. थोडे आतल्या बाजूला वळवून ठेवले तर सुटतात.

रुंदीपेक्षा खोलीकडे दुर्लक्ष होतं. बेडरूमच्या कोपऱ्यात सुतार जे टेबल करून देतो त्याची खोली बऱ्याचदा दीड फूट, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर. मॉनिटरचा स्टँडच त्यातले वीस सेंटीमीटर खातो. उरलेल्या पंचवीसमध्ये कीबोर्ड. मग स्क्रीन नाकासमोर येते. डोळे आणि स्क्रीन यांत हातभर, म्हणजे पन्नास ते सत्तर सेंटीमीटर अंतर हवं. टेबल नव्याने करून घेणार असाल तर सुताराला दोन फूट खोली ठामपणे सांगा.

टेबल आधीच केलेलं असेल तर स्टँड काढून मॉनिटर आर्म लावा. आर्म टेबलाच्या मागच्या काठाला शिकंज्यासारखा आवळतो आणि मॉनिटर भिंतीलगत मागे जातो. मात्र तीन गोष्टी बघा. मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूची भोकं आहेत का. पंचाहत्तर किंवा शंभर मिलिमीटरच्या चौकोनात ती असतात आणि काही अगदी स्वस्त मॉनिटरना नसतातच. टेबलाच्या मागे पट्टी किंवा भिंत इतकी चिकटून आहे का की शिकंजा घालायला फटच नाही. आणि टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर शिकंज्याखाली लोखंडी पट्टी किंवा प्लायवुडचा तुकडा घाला. नुसतं आवळलं तर बोर्ड महिन्या-दोन महिन्यांत दबतो आणि सनमायका उचकटतो.

भाड्याचं घर असेल तर बहुतेक मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तेव्हा आर्मच बरा. स्वतःच्या घरात भिंतीवर लावायचा तर आधी भिंत वाजवून बघा. नव्या टॉवरांत आतल्या भिंती हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधा लाकडी-प्लास्टिकचा गुल्ला धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात.

एक मॉनिटर उभा लावला तर काय फायदा?

वाचायचं काम असेल तर पुष्कळ. चोवीस इंची पॅनेल साधारण त्रेपन्न बाय तीस सेंटीमीटरचं असतं आणि ए-फोर कागद एकवीस बाय २९.७. मॉनिटर उभा केला की अख्खं पान मूळ मापापेक्षा मोठं दिसतं, खाली-वर सरकवावं लागत नाही. वकील, प्रूफरीडर, प्रोग्रामर यांना मी आवर्जून सांगतो. ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिका घरी पुस्तकांची प्रूफं तपासतात. त्यांच्याकडे डावीकडे उभ्या मॉनिटरवर मूळ हस्तलिखिताचं स्कॅन आणि समोर आडव्यावर मांडलेली पानं अशी जोडणी करून दिली. आधी त्या हस्तलिखिताच्या प्रिंट काढायच्या, त्या बंद झाल्या.

उभं करायचं तर स्टँड फिरणारा हवा किंवा आर्म हवा. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये ओरिएंटेशन ‘पोर्ट्रेट’ करायचं. अक्षराच्या कडा रंगीत दिसल्या तर विंडोजमधल्या ‘क्लिअरटाइप’ची (अक्षर रेखीव करणाऱ्या सोयीची) जुळवणी पुन्हा एकदा करून घ्या.

माझ्या लॅपटॉपला एकच एचडीएमआय आहे. दोन मॉनिटर जोडता येतील?

बहुधा येतील, पण कसे ते लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टांवर अवलंबून आहे. अलीकडच्या बहुतेक इंटेल आणि एएमडी लॅपटॉपचं अंगचं ग्राफिक्स तीन स्क्रीन चालवतं, त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रश्न बाहेर पडायच्या वाटांचा असतो.

आधी टाइप-सी पोर्ट बघा. चार्जिंग होतं म्हणजे चित्रही जाईल असं नाही. हाच गैरसमज सगळ्यात महाग पडतो. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच चित्र पाठवायची सोय) ‘डी’सारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेच्या आकाराचं चिन्ह दिसलं तर चित्र जातं. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. चित्र जात असेल तर एक मॉनिटर एचडीएमआयला, दुसरा टाइप-सीला, काम झालं.

टाइप-सीमधून चित्र जात नसेल तर ‘डिस्प्लेलिंक’ चिप असलेला यूएसबीचा ॲडॉप्टर लागतो. तो संगणकाकडून चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो आणि थोडा भार प्रोसेसरवर पडतो. एक्सेल, मेल, टॅली यांना ठीक. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला नाही.

तिसरी वाट म्हणजे डिस्प्लेपोर्टची एमएसटी सोय. ती डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीपासून आहे. एका पोर्टातून निघालेलं चित्र हबमधून दोन-तीन मॉनिटरना वेगवेगळं वाटता येतं. विंडोजवर ती उत्तम चालते.

आणि एचडीएमआय स्प्लिटर मात्र आणू नका. तो दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवतो. दुकानात टीव्ही लावायला तो चांगला, आपल्या कामाला नाही.

डेस्कटॉपला दोन मॉनिटर लावले, एक काळाच आहे.

डब्याच्या मागे बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे पोर्ट खाली आडव्या पट्टीत असतात आणि मदरबोर्डचे वर उभे. दोन्ही वायर ग्राफिक्स कार्डात घाला. दुसरी वायर मदरबोर्डात घातली की बहुतेक वेळा चित्र येत नाही, कारण कार्ड बसवल्यावर अंगचं ग्राफिक्स बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होतं किंवा प्रोसेसरला ते मुळातच नसतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांना ते नसतं.

वायर ठीक असूनही काळा असेल तर मॉनिटरच्या बटणांतून इनपुट तपासा. तो जुन्या व्हीजीए पोर्टावर वाट बघत असतो आणि आपण एचडीएमआय लावलेली असते.

अजून एक. ॲडॉप्टरला दिशा असते. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय वायरही सहसा एकाच दिशेने चालते, संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. दुकानात बोलताना ‘संगणकाला हे पोर्ट, मॉनिटरला ते’ असंच सांगा.

फोर-के मॉनिटरवर माऊस अडखळत चालतो.

जुनं एचडीएमआय १.४ पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवतं. साठ वेळा हवं तर दोन्हीकडे एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट तीस दिसला की कारण हेच. वायर जुनी असली तरी असंच होतं, म्हणून आधी वायर बदलून बघा.

मॅकबुकला दोन मॉनिटर चालतात का?

चिप बघून बोला. एम-१ आणि एम-२च्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, कितीही महाग डॉक (एका वायरीतून बरीच पोर्टं देणारा डबा) लावला तरी; अपवाद फक्त डिस्प्लेलिंकचा. एम-३च्या एअरला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून. एम-४च्या एअरला झाकण उघडं ठेवून दोन चालतात. ‘प्रो’ आणि ‘मॅक्स’ नावाच्या चिपांना दोन किंवा त्याहून जास्त.

मॅकवर एमएसटी हबने दोन मॉनिटरवर वेगवेगळं चित्र येत नाही, दोन्हीकडे तेच दिसतं. विंडोज लॅपटॉपला चाललेला हब मॅकला का चालत नाही, असं वाशीच्या एका गृहस्थांनी फार वैतागून विचारलं होतं. हब चांगला होता, कारण हेच होतं. जुन्या एअरवर दुसरा मॉनिटर हवाच असेल तर डिस्प्लेलिंक हाच मार्ग, आणि त्यावर काही संरक्षित व्हिडिओ काळे दिसतात हे धरून चाला.

ऑफिसचा लॅपटॉप आहे. ड्रायव्हर टाकू देत नाहीत.

मग डिस्प्लेलिंक घेऊ नका. थेट एचडीएमआय, थेट टाइप-सी आणि एमएसटी यांना सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खरेदीआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना एक मेल टाका. त्यांच्याकडे कोणता डॉक मंजूर आहे ते कळतं, आणि कधी कधी घरी न्यायला मॉनिटरही मिळतो.

एका वायरचे टाइप-सी मॉनिटर घ्यावेत का?

रोज लॅपटॉप बॅगेत घालून ट्रान्स-हार्बरने महापे-ऐरोली गाठणाऱ्यांनी, बजेट असेल तर, जरूर. घरी आलं की एकच वायर लावायची; चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, माऊस सगळं त्यातून. वॅट बघा. लॅपटॉपचा चार्जर पासष्ट वॅटचा असेल तर मॉनिटरनेही निदान तेवढे द्यायला हवेत.

जोडलं, पण माऊस एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जातच नाही. किंवा उलट्या बाजूने जातो.

डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे १ आणि २ असे चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा आकडा उमटतो. टेबलावर जसे ठेवलेत तसेच ते चौकोन माऊसने ओढून मांडा, वरच्या-खालच्या कडाही जुळवा. माऊस कडेला अडकतो तो त्या कडा जुळत नसल्यामुळे.

मग मुख्य मॉनिटर ठरवा, आणि दोघांची ठिपक्यांची दाटी वेगळी असेल तर प्रत्येकाचं ‘स्केल’ (अक्षरं किती मोठी दिसावीत ते) वेगळं ठेवा. लॅपटॉप सव्वाशे किंवा दीडशे टक्के, बाहेरचा शंभर, असं चालतं. काही जुनी सॉफ्टवेअर एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेली की अंधुक दिसतात. ती ज्या मॉनिटरवर वापरायची त्यावरच उघडायची सवय लावा.

हातात बसवून घेण्यासारख्या कळा चारच. विंडोज आणि पी दाबलं की नक्कल, विस्तार, फक्त दुसरी स्क्रीन यांतून निवडता येतं. आपल्याला ‘एक्स्टेंड’ हवं. विंडोज-शिफ्ट आणि बाण दाबला की चालू विंडो शेजारच्या मॉनिटरवर उडी मारते. नुसतं विंडोज आणि बाण म्हणजे अर्ध्या स्क्रीनवर चिकटते. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो; झोपेतून उठल्यावर एखादा मॉनिटर काळाच राहिला तर रीस्टार्टआधी हे करून बघा.

मॉनिटर काढून ऑफिसला गेलात आणि एखादी विंडो उघडूनही दिसत नसेल, तर ती अजून घरच्या मॉनिटरच्या जागी आहे. विंडोज-शिफ्ट-बाणाने ती परत येते.

मान आणि डोळे दुखायला लागले.

मॉनिटर कुठे ठेवलेत ते सांगा, असं मी आधी विचारतो. बहुतेकांनी दोन मॉनिटर बरोब्बर मधोमध जोडलेले असतात, आणि काम मात्र ऐंशी टक्के एकावरच. मग दिवसभर मान एका बाजूला वळलेली. मुख्य काम ज्यावर आहे तो छातीसमोर, सरळ रेषेत. दुसरा कडेला, थोडा आपल्याकडे वळवून. दोन्ही सारखेच वापरत असाल तरच जोड मधोमध आणा.

वरची कडा डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी वर करून बसावं लागतं. पन्नाशीपुढच्या मंडळींची मानदुखी मी नुसता मॉनिटर दोन इंच खाली घेऊन कमी झालेली पाहिली आहे. दुखणं टिकलं, हाताला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांकडेच जा.

दोन्ही मॉनिटरचा उजेड आणि रंग जुळवा. एक पिवळसर, दुसरा निळसर असला की डोळ्यांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. दोन्हींच्या मेनूत रंग ६५०० केल्विनवर ठेवा आणि उजेड खोलीच्या उजेडाएवढा. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. पश्चिमेच्या बाल्कनीत टेबल लावलेल्यांना चार वाजल्यानंतर एका मॉनिटरवर काही दिसत नाही. तिथे जाड पडदा लागतोच.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवर बघा. आपल्या घरात वीस फूट अंतर सापडत नाही, म्हणून खिडकीबाहेर बघा.

लाईट बिल किती वाढेल? लाईट गेली तर?

चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण वीस वॅट घेतो. दोन म्हणजे चाळीस. दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर आठ युनिट. महावितरणच्या बिलात हा फरक शोधावा लागेल.

लाईट जाण्याचा विचार मात्र करा, विशेषतः जूनच्या पहिल्या वादळी पावसात. बाजारात सर्रास मिळणारा सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण तीनशे साठ वॅट झेपवतो. साधा डेस्कटॉप आणि दोन मॉनिटर त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालतात, म्हणजे टॅलीतली नोंद पुरी करून नीट बंद करण्याइतकी. यूपीएसच्या मागचे सगळे सॉकेट बॅटरीवरचे असतीलच असं नाही, लिहिलेलं वाचून लावा. दुसऱ्या मॉनिटरला बॅटरी नको, ज्यावर ‘सेव्ह’चं बटण आहे तो पुरे. राउटर मात्र यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर कधीही लावू नका.

खुर्चीवरून उठलं-बसलं की मॉनिटर सेकंदभर काळा होतो. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि मॉनिटर बिघडलेला नाही. गॅस लिफ्टच्या खुर्च्यांत उठता-बसताना स्थिर विजेचा झटका तयार होतो, त्याच्या लहरी कमी प्रतीच्या वायरीत शिरतात आणि चित्र क्षणभर तुटतं. चांगल्या आवरणाची आणि गरजेपुरतीच लांब वायर घेतली की बहुतेक वेळा थांबतं. पंखा किंवा ट्यूबचं बटण दाबल्यावर असं होत असेल तर वायरीबरोबर घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

घरातला टीव्ही किंवा टॅब दुसरा मॉनिटर म्हणून चालेल?

आठवडाभर करून बघायला टीव्ही चालेल. पण त्यावर बारीक अक्षर पसरट दिसतं आणि माऊस मागे राहतो. टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ नाव दिलं किंवा गेम मोड लावला तर बरंच सुधारतं. आयपॅड मॅकबरोबर ‘साइडकार’ने जोडता येतो, ही सोय २०१९च्या कॅटलिनापासून आहे. विंडोजवर विंडोज-के दाबून वायरलेस स्क्रीन जोडता येते, पण वायरीइतका भरवसा नाही.

जुना मॉनिटर पडून आहे. तो लावू का?

जरूर लावा. एकोणीस इंची चौकोनी मॉनिटर मेल किंवा पीडीएफ उघडी ठेवायला आजही झकास. फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा छोटा ॲडॉप्टर लागेल. अगदीच निकामी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या. जुन्या एलसीडीच्या मागच्या नळ्यांत पारा असतो.

खरेदी कुठून करावी?

लॅमिंग्टन रोडला आजही निवड जास्त आणि घासाघीस होते. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. परतीची गाडी दुपारची धरा. संध्याकाळच्या गर्दीत मॉनिटरचा खोका घेऊन चढणं पॅनेलसाठी धोक्याचं आहे. एकच मॉनिटर हवा असेल तर मी जवळच्या दुकानातून घ्यायला सांगतो. दोन-पाचशे रुपये जास्त जातात, पण बदलून घ्यायला माणूस समोर असतो.

दुकानातच लावून बघा. पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी स्क्रीन करून मेलेले ठिपके शोधा. वॉरंटीत पॅनेल येतं का, हे बिलावर लिहून घ्या. एका दुकानातून मी एका ग्राहकासाठी आणलेला मॉनिटर दीड वर्षाने गेला, तेव्हा तीन वर्षांची वॉरंटी पॅनेल सोडून होती असं कळलं. तेव्हापासून तोंडी आश्वासनावर मी मॉनिटर घेत नाही.

व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर स्वतःचा जीएसटीआयएन टाकून घ्या. मॉनिटरवर अठरा टक्के कर आहे, त्याचं इनपुट क्रेडिट घेण्याबद्दल सीएशी बोला. कंपन्यांनी काढलेले जुने मॉनिटरही मिळतात. त्यांचे स्टँड वर-खाली होणारे, दणकट असतात. फक्त कडांना पिवळेपणा आला आहे का ते बघा.

दुसरा मॉनिटर आल्यापासून लक्षच लागत नाही.

त्यावर काय उघडं असतं? मेल आणि चॅट असेल तर ते बंद करा, ठरावीक वेळी उघडा. दुसऱ्या मॉनिटरवर पहिल्या कामाचाच सोबती असावा, हिशेबाशेजारी बँकेचं स्टेटमेंट, लेखाशेजारी टिपणं. सोबती नसेल तेव्हा तो मॉनिटर बटण दाबून बंद करा. मी स्वतः कोटेशन लिहिताना एकच चालू ठेवतो आणि बिलं टाकायला बसलो की दुसरा लावतो.

महिना झाला, तरी हात अजून ऑल्ट-टॅबकडेच जातो.

जागा रोज बदलत असतील तर तसंच होणार. टॅली कायम समोर, पोर्टल कायम डावीकडे, असं ठरवा आणि पंधरा दिवस मोडू नका. विंडोज ११मध्ये मॉनिटर पुन्हा जोडल्यावर विंडो जुन्या जागी जाण्याची सोय डिस्प्ले सेटिंग्जच्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’मध्ये आहे, ती चालू ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘फॅन्सीझोन्स’ वापरून स्क्रीनचे आपल्याला हवे तसे कप्पेही पाडता येतात. ते फुकट आहे. कळव्याच्या एका ताई सहकारी सोसायट्यांचे हिशेब लिहितात. त्यांनी मॉनिटरच्या खालच्या कडेला ‘बँक’ आणि ‘वही’ अशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या स्वतःच काढून टाकल्या.